हॉब विकताय? मग गॅसचा कॉक कुठे असेल ते आधी बघा



हॉबची किंमत, काच, बर्नर, ऑटो इग्निशन याबद्दल गिऱ्हाईक दहा प्रश्न विचारतं. एक प्रश्न मात्र मला आजवर क्वचितच कुणी विचारला: "ताई, गॅस बंद करायचा कॉक कुठे येणार?" गिऱ्हाईक विचारत नाही, म्हणून दुकानदारही बोलत नाही. आणि मग तो कॉक जिथे यायला नको, नेमका तिथेच येतो.

तुम्ही शेगडी-चिमणीचं दुकान टाकणार असाल, किचन ट्रॉलीचं काम सुरू करणार असाल किंवा इंटिरियरची छोटी कामं घेणार असाल, तर आजचा विषय शेवटपर्यंत वाचा. यात खर्च फार नाही, पण चुकलं तर नाव जातं.

आधी माझी चूक

दुकानाचं दुसरं वर्ष होतं. पिंपरी-चिंचवडमध्ये एका काका-काकूंच्या फ्लॅटमध्ये चार बर्नरचा हॉब दिला. घरात पाइप गॅस. गॅसवाल्यांनी ओट्याखाली भिंतीवर कॉक आधीच बसवून ठेवला होता. नंतर ट्रॉलीवाला आला, त्याने त्याच्यापुढे भांड्यांच्या तीन ट्रॉल्या बसवल्या. शेवटी माझा फिटर गेला, एक ट्रॉली काढली, नळी जोडली, हॉब पेटवून दाखवला, ट्रॉली परत लावली. बिल झालं, पैसे आले, मी खूश.

तीन-चार महिन्यांनी सकाळी काकूंचा फोन. "गॅसचा वास येतोय आणि कॉक कुठे आहे तेच सापडत नाहीये." ट्रॉली पूर्ण बाहेर काढायची तर खालच्या दोन क्लिपा दाबाव्या लागतात, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. आत कुकर, कढया, सगळं भरलेलं. शेवटी ड्राय बाल्कनीत मीटरजवळचा कॉक काकांनी बंद केला. ट्रॉलीची मागची कड नळीला घासून घासून नळी चिरली होती. कुणाला काही झालं नाही, हे नशीब.

मी पोचले तेव्हा काका शांतपणे म्हणाले, "ताई, हॉब छान आहे हो. पण तो बंद कुठून करायचा, हे तुम्ही आम्हाला दाखवलंच नाहीत." त्या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. गॅसवाला म्हणाला असता ट्रॉलीवाल्याची चूक, ट्रॉलीवाला म्हणाला असता फिटरची. पण गिऱ्हाइकाच्या फोनमध्ये नंबर माझा होता. गॅस कंपनीकडे रीतसर अर्ज करून कॉक हलवून घेतला आणि तो खर्च मी भरला.

कॉकचं काम नेमकं काय?

जागा ठरवायची तर आधी हे समजून घ्या. गॅसच्या वाटेत सगळ्यात कमजोर भाग म्हणजे लवचिक नळी. धातूचा पाइप सहसा दगा देत नाही. नळी मात्र कडक होते, चिरते, उंदीर कुरतडतात, ट्रॉली घासते. म्हणून कॉक नेहमी नळीच्या आधी, म्हणजे गॅस येतो त्या बाजूला हवा. नळी फुटली तरी कॉक फिरवला की गॅस थांबला पाहिजे. नळीच्या पुढे, हॉबच्या तोंडाशी कॉक बसवला तर नळीतली गळती तो थांबवू शकत नाही.

इथे गिऱ्हाईक म्हणतं, "पण आमच्या हॉबमध्ये सेफ्टी आहे ना, ज्योत विझली की गॅस आपोआप बंद होतो." बरोबर, ती सोय चांगलीच आहे. दूध उतू जाऊन ज्योत विझली तर ती कामाला येते. पण ती बर्नरपाशी काम करते. ओट्याखाली नळी गळत असेल तर तिला त्याचा पत्ताही लागत नाही. हे गिऱ्हाइकाला समजावून सांगणं आपलं काम.

मग जागा कोणती?

माझा नियम सोपा आहे. स्वयंपाक करणाऱ्या माणसाचा हात ज्योतीवरून न जाता आणि काहीही न काढता कॉकपर्यंत पोचला पाहिजे. यातून बाकी सगळं निघतं:

- हॉबच्या अगदी खाली नको, शेजारच्या कप्प्यात घ्या. त्या कप्प्याला ट्रॉली नको, साधं उघडणारं दार हवं.
- हॉबच्या मागच्या भिंतीवर, ओट्याच्या वर नको. कढईतल्या तेलाने पेट घेतला तर आगीवरून हात कोण घालणार?
- खाली ओव्हन बसवणार असाल तर त्याच्या मागे कॉक नको आणि नळीही नको. तिथे उष्णता असते आणि ओव्हन ओढून काढल्याशिवाय हात पोचत नाही.
- स्विच बोर्ड, प्लग पॉइंट यांच्यापासून लांब.
- सिंकखालचा कप्पा टाळा. ओलाव्याने धातू गंजतो आणि तिथे बादल्या, साबणाचे डबे यांची गर्दी असते.
- उंची अशी ठेवा की घरातल्या आजींनाही जमिनीवर बसावं लागू नये.

कॉक पाव फेऱ्यात बंद होणारा घ्या. त्याची दांडी पाइपच्या रेषेत असेल तर चालू, पाइपला आडवी असेल तर बंद. लांबूनही कळतं.

सिलिंडरचं घर आणि पाइप गॅसचं घर

सिलिंडर हॉबजवळ असेल तर रेग्युलेटर हाच तुमचा कॉक. वेगळा बसवायची गरज नाही, पण रेग्युलेटरपर्यंत हात सहज गेला पाहिजे. १४.२ किलोचा सिलिंडर उभाच ठेवायचा. कोंडलेल्या कपाटात ठेवायचा नाही. कप्प्यातच ठेवणार असाल तर त्याला वर आणि अगदी खाली, जमिनीलगत, हवेची भोकं हवीत. कारण एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला की खाली साचतो. पाइप गॅस उलट, हवेपेक्षा हलका, तो वर जातो.

नळी आयएसआय मार्कची सुरक्षा नळीच घ्या. लांबी दीड मीटरपेक्षा जास्त नको, मध्ये जोड नको, भिंतीतून आरपार नेणं नको. ५ वर्षांनी बदलायची, आणि त्याआधी चीर दिसली तर लगेच. सिलिंडर ड्राय बाल्कनीत ठेवायचा असेल तर मधल्या अंतराला धातूचा पाइप लागतो. ते काम गॅस वितरकाच्या अधिकृत माणसाकडूनच करून घ्या. अशा घरात दोन ठिकाणी बंद करता आलं पाहिजे: सिलिंडरवर रेग्युलेटर आणि हॉबजवळ कॉक.

पाइप गॅस असेल, जसा पुण्यात एमएनजीएलचा, मुंबईत महानगर गॅसचा, तर मीटरजवळ एक कॉक असतो आणि शेगडीजवळ एक. हे दोन्ही हलवायचा अधिकार आपल्याला नाही, गॅस कंपनीच्या माणसाला आहे. फिटर कितीही हुशार असो, "मी करतो ताई, दहा मिनिटांचं काम" म्हणाला तरी हो म्हणू नका.

म्हणूनच कामाचा क्रम महत्त्वाचा. आधी ट्रॉल्यांचं ड्रॉइंग, त्यावर कॉकची खूण, मग गॅसचं काम, मग ट्रॉल्या, शेवटी हॉब. माझ्या त्या कामात गॅस, ट्रॉली आणि हॉब तिन्ही करणारे वेगळे होते आणि ड्रॉइंगवर कॉकची खूण कुणीच केली नव्हती.

धंद्याच्या दृष्टीने हे असं बसवा

१. हॉब विकण्याआधी ओट्याखालचा फोटो मागवा. फोटो नसेल तर डिलिव्हरीची तारीख देऊ नका.

२. गॅस सिलिंडरचा की पाइपचा, हे ऑर्डर फॉर्मवर लिहा. दोन्हींचे जेट वेगळे असतात, त्यामुळे हे तसंही लागतंच.

३. कॉक हलवायची गरज असेल तर कोटेशनमध्ये वेगळी ओळ टाका: "गॅस कंपनीकडून कॉक हलवणे, खर्च ग्राहकाचा." आधी सांगितलेला खर्च गिऱ्हाईक देतं. नंतर सांगितलेल्यावर भांडण होतं.

४. जोडणीनंतर प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा. काडी पेटवून बघणारा फिटर पहिल्याच दिवशी घरी पाठवा.

५. शेवटची पायरी सगळ्यात महत्त्वाची. घरात जे स्वयंपाक करतात, त्यांच्याच हातून कॉक एकदा बंद आणि एकदा चालू करून घ्या. तुमचा फिटर करून दाखवतो ते पुरेसं नाही.

त्याच वेळी एवढंही सांगा: वास आला तर कॉक बंद करा, खिडक्या-दारं उघडा, कुठलंही बटण चालू किंवा बंद करू नका आणि बाहेर जाऊन फोन करा. एलपीजीसाठी १९०६ हा नंबर आहे. पाइप गॅसवाल्यांचा आपत्कालीन नंबर बिलावर असतो. आम्ही हे सगळं एका स्टिकरवर छापून कॉकच्या दाराच्या आतून लावतो. त्यावर दुकानाचं नाव आहे, पण खालच्या कोपऱ्यात, बारीक.

त्या काका-काकूंकडून नंतर मला त्यांच्याच सोसायटीतली दोन कामं मिळाली. दुसऱ्या कामाच्या वेळी काकू स्वतः शेजारणीकडे आल्या आणि हॉब बघायच्या आधी त्यांनी शेजारचं दार उघडून कॉक फिरवून बघितला. मग माझ्याकडे बघून मान हलवली.

तुमच्या पुढच्या ऑर्डरला दर सांगण्याआधी तो एक प्रश्न तुम्हीच विचारा: "काकू, गॅस बंद कुठून करता?" त्या क्षणभर थांबल्या, तर तुमचं काम तिथून सुरू होतं.