टपालानें येणारें पितृत्व

गालाच्या आंतून कापसाची काडी फिरवावी, ती पाकिटांत घालून टपालानें धाडावी, आणि हें मूल कोणाचें, याचें उत्तर कांहीं दिवसांनीं घरबसल्या वाचावें, अशी सोय सांप्रत झाली आहे. त्या उत्तरांतील '९९.९९ टक्के' हा आंकडा सामान्य मनुष्यास ब्रह्मवाक्य वाटतो. म्हणून त्याचा नेमका अर्थ समजून घेणें अगत्याचें आहे.

पूर्वीं रक्तगटांवरून अमुक पुरुष पिता नव्हे, एवढेंच सांगतां येई. आणि तेंही सर्वत्र मानलें जात नसे. सुप्रसिद्ध नट चार्ली चॅप्लिन हे पिता नव्हत, असें रक्ततपासणीनें निष्पन्न झालें असतांही १९४५ सालीं अमेरिकेंतील ज्यूरीनें त्यांनाच पिता ठरविलें! पुढें १९८४ सालीं लेस्टर विद्यापीठांत ॲलेक जेफ्रीज यांना डीएनएच्या ठशांचा शोध लागला आणि चित्र पालटलें. डीएनएमधील प्रत्येक स्थळीं अपत्यास एक अंश मातेकडून व एक पित्याकडून मिळतो. अशीं सुमारें २० स्थळें पडताळतात. अनेक स्थळीं मेळ बसला नाहीं, तर तो पुरुष पिता नव्हे, हें निश्चित. सर्वत्र मेळ बसला, तर मात्र उत्तर संभाव्यतेचें असतें. तें शंभर टक्के कधींच नसतें. शिवाय ही संभाव्यता नात्यांत नसलेल्या पुरुषाच्या तुलनेनें काढलेली असते. संशय सख्ख्या भावांमध्यें असेल, तर तें प्रयोगशाळेस आधीं सांगावें लागतें. आणि एकरूप जुळे भाऊ तर नेहमींच्या तपासणीनें वेगळे ओळखतांच येत नाहींत.

परंतु खरी मेख निराळीच आहे. प्रयोगशाळा काडी तपासते, मनुष्य नव्हे. काडी कोणाच्या गालावरून फिरली, हें तिला ठाऊक नसतें. दोन काड्यांची अदलाबदल झाली, किंवा कोणी मुद्दाम केली, तर बिनचूक गणितांतूनही चुकीचें उत्तर निघतें. म्हणूनच न्यायालयासाठीं तिऱ्हाइतानें ओळख पटवून नमुना घ्यावा लागतो व तो मोहोरबंद करावा लागतो. घरच्या पाकिटाला तें मोल नाहीं.

आपला कायदा तर याहून सावध आहे. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ याच्या कलम ११६ प्रमाणें वैध विवाहसंबंध चालू असतां जन्मलेलें मूल औरसच मानलें जातें. पतिपत्नींचा संबंध येणेंच शक्य नव्हतें, असें सिद्ध झालें तरच अपवाद. झालेल्या तपासणीचा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २०१४ सालीं या गृहीतापेक्षां श्रेष्ठ मानला, हें खरें. तथापि पतिपत्नींच्या भांडणांत अशी तपासणी सरसकट करवूं नये, असें त्याच न्यायालयानें २०२३ सालीं बजाविलें. त्यामागें मुलाच्या हिताचा विचार होता.

सत्य जाणणें अपरिहार्यच असेल, तर तें रीतसर जाणावें. मातेचाही नमुना द्यावा, म्हणजे उत्तर अधिक पक्कें होतें. मात्र उत्तर 'होय' आलें, तरी संशय घेतला गेला, हें घर विसरत नाहीं. 'नाहीं' आलें, तर ज्या मुलानें कांहींच विचारलें नव्हतें, त्यालाच तें आयुष्यभर वागवावें लागतें. पाकीट टपालांत टाकण्यापूर्वीं त्या मुलाचा विचार कोणी तरी केला पाहिजे.