चाकापासून सुटलेला तुकडा

लोअर परळच्या गिरण्यांतील चात्यांची घरघर १९८२ च्या संपानंतर हळूहळू थांबली, व फिनिक्स मिलच्या जागी आज मॉल उभा आहे. तथापि गल्लीत येणाऱ्या धारवाल्याचे चाक अद्याप फिरताना दिसते. त्याच्या ठिणग्या कोणत्या दिशेने उडतात, हे आमच्या विद्यार्थ्यांनी कधी निरखून पाहिले आहे काय? आम्ही वर्गात हा प्रश्न केला असता बहुतेक मुले म्हणतात, "मध्यापासून सरळ बाहेर." वस्तुतः त्या चाकाच्या काठास चाटून जाणाऱ्या रेषेत, म्हणजे स्पर्शरेषेत, उडतात. गोफणीचा धोंडाही तसाच सुटतो.

परंतु येथवर अर्धीच गोष्ट झाली. समजा, एक फूट व्यासाचे यांत्रिक चाक मिनिटास १५०० फेरे घेत असता त्याच्या काठाचा लहानसा तुकडा निखळला. तो सेकंदास सुमारे ७८ फूट वेगाने धावेल. शिवाय स्वतःभोवती सेकंदास २५ गिरक्याही घेईल! या गिरक्या त्यास कोणी दिल्या? कोणीच नाही, त्या त्याजपाशी होत्याच. चाकात असताना तुकड्याची बाहेरची कड आतल्या कडेहून मोठे वर्तुळ तेवढ्याच वेळात पुरे करीत असे, म्हणून ती अधिक वेगवान होती. सुटल्यावरही हा फरक नाहीसा होत नाही; त्यामुळे तुकडा चाकाच्याच दिशेने गरगरत जातो.

यास्तव असे यंत्र झाकणाशिवाय चालवीत नाहीत, आणि जाणता कामगार फिरत्या चाकाच्या रेषेत उभा न राहता नेहमी बाजूस उभा राहतो.