रानपिंगळ्याला हवी जुन्या झाडाची ढोली

सातपुड्याच्या कुशीत, खानदेशाच्या उत्तर सीमेवर, जगात अत्यंत मोजक्या ठिकाणी आढळणारा एक पक्षी वास्तव्य करून आहे. त्याचे नाव रानपिंगळा. जळगाव जिल्ह्यातील यावल अभयारण्य आणि एकेकाळी धुळे जिल्ह्यात असलेला शहादा-तोरणमाळचा टापू ही त्याची महत्त्वाची आश्रयस्थाने आहेत. हा पक्षी संपूर्णपणे भारतीय असून मध्य भारतातील पानगळीच्या जंगलांखेरीज जगात अन्यत्र कोठेही तो सापडत नाही.

रानपिंगळ्याचे शास्त्रीय वर्णन १८७३ मध्ये ॲलन ह्यूम यांनी केले. त्यानंतर खानदेशात सनदी अधिकारी असलेल्या जेम्स डेव्हिडसन यांनी शहादा-तळोदा परिसरातून त्याचे काही नमुने गोळा केले. त्यांतील अखेरचा नमुना १८८४ चा. पुढे हा पक्षी जणू अंतर्धान पावला. रिचर्ड माइनर्ट्झहागेन या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने १९१४ मध्ये गुजरातेतील मांडवी येथे तो मिळाल्याचा दावा केला होता. प्रत्यक्षात तो नमुना संग्रहालयातून चोरलेला, डेव्हिडसन यांचाच असल्याचे पुढे उघडकीस आले. या खोट्या नोंदीने अभ्यासकांचीही दिशाभूल झाली. नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट या अमेरिकी अभ्यासकांना शहाद्याजवळ रानपिंगळ्याचे दर्शन घडले. तब्बल ११३ वर्षांनी खानदेशाने जगाला हा पक्षी परत दिला! नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अस्तित्वात आला. त्यामुळे हा पुनर्शोध लागला तेव्हा शहादा धुळे जिल्ह्यातच होते.

दिवसा वावरणारे घुबड

गावात, शेताच्या बांधावर दिसणारा ठिपकेदार पिंगळा सर्वांच्या परिचयाचा आहे. रानपिंगळा त्याचाच नातलग. परंतु त्याच्या माथ्यावर व पाठीवर ठळक ठिपके नसतात. पंख व शेपटीवर रुंद पट्टे असतात, पोटाचा खालचा भाग पांढरा असतो आणि पंजे अधिक दणकट असतात. तो मुख्यतः दिवसा शिकार करतो. उंच, निष्पर्ण फांदीवर बसून जमिनीवरील हालचाल टिपायची आणि झेप घ्यायची, ही त्याची रीत. सरडे, सापसुरळ्या, उंदीर, नाकतोडे हे त्याचे प्रमुख अन्न. त्यामुळे त्याला अगदी दाट झाडोरा चालत नाही आणि उघडाबोडका माळही चालत नाही. खाली मोकळी जमीन आणि वर मोठी झाडे असलेले विरळ सागवानी जंगल त्याला मानवते.

जीवनचक्रांची गुंफण

रानपिंगळ्याच्या विणीचा काळ साधारण ऑक्टोबर ते मे असा असतो. याच काळात सातपुड्यातील साग, सलई, धावडा हे वृक्ष पाने ढाळतात. मादी झाडाच्या ढोलीत बहुधा दोन अंडी घालते. सुमारे महिनाभर ती अंडी उबवते आणि नर तिला भक्ष्य आणून देतो. पिल्ले बाहेर आल्यावर आणखी महिनाभर त्यांचा मुक्काम ढोलीतच असतो.

रानपिंगळा स्वतः ढोली कोरू शकत नाही, आणि येथेच या पक्ष्याचे जीवन झाडाच्या जीवनाशी बांधले जाते. सलई, मोई, रोहन यांसारखी झाडे वयस्क झाल्यावर त्यांची फांदी मोडते, गाभा कुजतो, एखादा सुतार पक्षी किंवा तांबट तेथे भोक पाडतो आणि कालांतराने पुरेशी मोठी पोकळी तयार होते. या प्रक्रियेला अनेक दशके लागतात. शिवाय त्याच ढोलीवर पोपट, साळुंकी आणि ठिपकेदार पिंगळा यांचाही डोळा असतो.

म्हणूनच एक जुने झाड तोडून त्या बदल्यात दहा रोपे लावली, तरी रानपिंगळ्याच्या दृष्टीने हिशेब जुळत नाही. रोपाची ढोली होईपर्यंत पक्ष्याच्या कित्येक पिढ्या सरतात. दुर्दैवाने वठलेले, पोकळ झाड आपल्याकडे दीर्घकाळ निरुपयोगीच मानले गेले. सरपणासाठी पहिली कुऱ्हाड त्यावरच पडते.

यावल अभयारण्य १९६९ मध्ये घोषित झाले. त्याचे क्षेत्र अवघे १७७ चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. पायथ्याशी केळीचा समृद्ध पट्टा आणि वर शेतीसाठी होणारी जंगलतोड, या कात्रीत हे वन सापडले आहे. उन्हाळ्यात मोहाची फुले वेचण्यासाठी झाडाखालचा पाचोळा जाळला जातो. तो वणवा पसरला की जमिनीवरचे सरडे-सापसुरळ्या नष्ट होतात आणि पोकळ खोडेही पेटतात. नेमक्या त्याच सुमारास उशिराची पिल्ले ढोलीत असू शकतात. घुबडाविषयीच्या अंधश्रद्धेतून होणारी शिकार हे आणखी एक संकट.

अर्थात सारेच चित्र निराशाजनक नाही. मेळघाट, मध्य प्रदेशातील खंडवा परिसर, गुजरातेतील डांग आणि २०१४ मध्ये मुंबईजवळचे तानसा अभयारण्य येथेही रानपिंगळा आढळला. या नव्या नोंदींमुळे २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने त्याला 'अतिसंकटग्रस्त' वर्गातून 'संकटग्रस्त' वर्गात आणले. तरीही जगातील प्रौढ पक्ष्यांची संख्या एक हजाराच्या आतच असल्याचा अंदाज आहे. हे पक्षी परस्परांपासून तुटलेल्या वनखंडांत विखुरलेले आहेत, ही बाब अधिक चिंताजनक.

खानदेशातील वनसंवर्धनाचा विचार केवळ लावलेल्या रोपांच्या संख्येत करून भागणार नाही. उभी असलेली जुनी झाडे, त्यांतील वठलेलीसुद्धा, राखणे हे अधिक निकडीचे आहे. वनहक्क मिळालेल्या पावरा, भिल्ल, तडवी बांधवांना या राखणदारीत सन्मानाने सहभागी करून घेतले, जळणाला पर्याय दिला आणि वणव्यावर वेळीच नियंत्रण ठेवले, तर ते साध्य होऊ शकते. एकदा ११३ वर्षांनी सापडलेला पक्षी पुन्हा हरवला, तर त्याला शोधण्यासाठी जंगलच उरलेले नसेल.