अंगठ्याचा पल्ला

कल्याण स्थानकातून सकाळी मुंबईकडे लोकल गाडी सुटते, तेव्हा उभ्या उतारूंचा एक हात वरच्या कडीत अडकलेला असतो आणि दुसऱ्या हातात मोबाइल असतो. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंतच्या ५० किलोमीटरांहून अधिक वाटेत पुष्कळांचे वाचणे, लिहिणे व हिशेब एकट्या अंगठ्यावर चालतात. परंतु पडद्याच्या वरच्या पलीकडील कोपऱ्यापर्यंत तो अंगठा काही केल्या पोचत नाही. असे का व्हावे?

मनुष्याच्या एका हातात २७ हाडे असतात. इतर बोटांना तीन पेरी, अंगठ्यास मात्र दोनच. ही उणीव त्याच्या मुळाशी असलेला सांधा भरून काढतो. तो खोगिराच्या आकाराचा असतो; म्हणून अंगठा उभा-आडवा फिरतो आणि चारही बोटांसमोर येऊन वस्तू पकडतो. सुई, लेखणी, कुऱ्हाड ही सारी त्याच्याच बळावर चालतात.

मोबाइल धरण्याचे काम मात्र निराळे आहे. चार बोटे व तळवा त्यास मागून आवळून धरतात, त्यामुळे अंगठ्याचे मूळ एके जागी जखडले जाते. कंपासाचे टोक कागदात रोवल्यावर पेन्सिल जशी कंसातच फिरते, तसे अंगठ्याचे अग्र पडद्यावर कंस काढते. त्यापलीकडे हाड पुरत नाही, आणि अंगठा व तर्जनी यांमधील कातडीही फार ताणली जात नाही. गंमत अशी की, अगदी जवळचा खालचा कोपराही त्यास अवघडच. तेथे पोचण्यास अंगठा फार दुमडावा लागतो. मग मनुष्य पकड सैल करून मोबाइल सरकवितो, आणि दाटीत धक्का बसला की तो हातातून निसटतो. मोठ्या पंजाच्या मनुष्याचे एक वेळ निभावते. लहान पंजा असणाऱ्यांस हा त्रास रोजचाच.

२००७ साली ॲपल कंपनीचा पहिला आयफोन आला, त्याचा पडदा कर्णरेषेत ३.५ इंच होता. आज ६ इंचांहून मोठे पडदे सर्रास दिसतात. अंगठा मात्र होता तेवढाच आहे. २०१४ साली पडदा वाढविताना त्या कंपनीने वरचे चित्र खाली ओढून आणण्याची सोय केली, आणि २०२१ साली आपल्या ब्राउझरमधील पत्त्याची पट्टी खाली आणली. डावऱ्या मनुष्याचा कंस उलट बाजूने पडतो. म्हणून कित्येक मोबाइलांत अक्षरांची पाटी डाव्या किंवा उजव्या कडेस सरकविता येते.