एका शैवाकपंडिताची कारकीर्द

झाडांच्या सालींवर आणि कातळांवर करड्या, हिरवट वा पिवळसर पापुद्र्यांनी पसरणारी, उन्हाळ्यात मृतवत् पडून राहणारी आणि पावसाचा पहिला शिडकावा होताच काही मिनिटांत पुन्हा सचेतन होणारी जी शैवाके, त्यांचा देह एका जिवाचा नसून तो कवक घडवते आणि त्याच्या तंतूंत गुंतलेले शैवल सूर्यप्रकाशावर दोघांचेही अन्न सिद्ध करते, हा सिद्धान्त स्वित्झर्लंडच्या सिमोन श्वेंडेनर यांनी १८६७ साली मांडला, तेव्हा त्या विषयातील बहुतेक अधिकारी पुरुष त्याच्या विरोधात उभे राहिले. त्यांच्या अग्रभागी होते विल्यम नीलांडर. फिनलंडात जन्मून पॅरिसमध्ये स्थायिक झालेल्या या विद्वानाने शैवाकावर पोटॅशचा वा विरंजक चुन्याच्या द्रावणाचा थेंब टाकून होणाऱ्या रंगपालटावरून जाती ओळखण्याची रीत १८६६ साली रूढ केली. आपल्या गोड्या मसाल्यात पडणाऱ्या दगडफुलांपैकी पार्मोट्रेमा टिंक्टोरम या जातीच्या शास्त्रीय नावाशी नीलांडरांचे नाव आजही जोडलेले आहे. मात्र श्वेंडेनरांचे म्हणणे त्यांनी १८९९ साली देह ठेवीपर्यंत मान्य केले नाही.

ते म्हणणे केवळ मान्य करून न थांबता त्याच्या पायावर शैवाकांच्या वर्गीकरणाची नवी मांडणी ज्यांनी केली, ते एडवर्ड ऑगस्ट वैनिओ हेही फिनलंडचेच. १८५३ साली पिएक्सामाकी येथे ते जन्मले. मूळ आडनाव लांग, ते टाकून त्यांनी फिनिश आडनाव धारण केले. हेलसिंकीच्या विद्यापीठात वनस्पतिशास्त्रज्ञ नॉरलिन यांच्या सहवासात त्यांना शैवाकांची गोडी लागली, आणि रेनडियर ज्यांवर हिवाळा काढतात त्या क्लॅडोनिया वंशाच्या विकासावर त्यांनी १८८० साली प्रबंध लिहिला तो फिनिश भाषेत. विद्वानांचा व्यवहार स्वीडिश आणि लॅटिनमध्ये चालत असताना एका तरुणाने शास्त्रासाठी शेतकऱ्यांची भाषा निवडावी, यात स्वभाषेविषयीचा केवढा विश्वास होता हे निराळे सांगावयास नको.

उत्तरेकडील शैवाकांची पाहणी तोवर पुष्कळ झाली होती. उष्ण कटिबंधातील शैवाके मात्र प्रवाशांनी पाठविलेल्या वाळक्या तुकड्यांवरूनच काय ती ठाऊक होती. ती जेथे वाढतात तेथे जाऊनच पाहावीत म्हणून वैनिओ १८८५ साली ब्राझीलला गेले. रिओच्या परिसरात आणि पुढे मिनास जेराइस प्रांतातील कारासा या डोंगरावर, जेथे धर्मसंघाचे विद्यालय होते, त्यांनी संग्रह केला. त्या दमट अरण्यात एकेका खोडावर अनेक जातींचे पापुद्रे एकमेकांच्या कडा भिडवून, नकाशावरील संस्थानांसारखे, वसलेले असतात. हिरव्या पानांच्या पृष्ठभागावरही स्वतंत्र जाती नांदतात. साल सुरीने आणि खडक छिन्नीने सोडवून आणावा, शैवाकाच्या बीजुकधारी फळाचा पातळ छेद घ्यावा, सूक्ष्मदर्शकाखाली बीजुकांचा रंग, आकार आणि आतील पडदे पाहावेत, असे हे काम आहे, आणि त्यात घाईला मुळीच थारा नाही.

या परिश्रमाचे फळ म्हणजे १८९० साली फ्रेंच भाषेत प्रसिद्ध झालेला ब्राझीलच्या शैवाकांवरील ग्रंथ. शैवाके हा वनस्पतींचा स्वतंत्र वर्ग मानण्याची परंपरा मोडून, फळांच्या रचनेवरून त्यांना कवकांच्या व्यवस्थेतच स्थान दिले पाहिजे, असे वैनिओंनी त्यात प्रतिपादन केले. त्यांच्या कार्यात मी याला सर्वांत वरचे स्थान देतो. शैवाकांच्या सुमारे १९०० नव्या नोंदी त्यांच्या नावावर आहेत आणि क्लॅडोनियावरील त्यांचा त्रिखंडात्मक लॅटिन ग्रंथ त्या वंशाच्या अभ्यासाचा आधार ठरला. परंतु नोंदी वाढविणारे पुष्कळ असतात, घराची आखणी बदलणारे थोडे.

असा मनुष्य प्राध्यापकपदाला सर्वथा पात्र होता. ते पद त्यांना मिळाले नाही. फिनलंड तेव्हा रशियाच्या झारच्या अमलाखाली होता आणि १८९१ साली, चरितार्थासाठी, वैनिओंनी त्या सरकारच्या दफ्तरात मुद्रित मजकूर तपासण्याची नोकरी पत्करली. राष्ट्रभावना पेटलेली असताना परकीय सत्तेच्या हुकुमावरून स्वकीयांच्या लेखनाला मंजुरी देण्या-नाकारण्याचे काम देशबांधवांना कसे रुचावे? त्यांनी वैनिओंना दूर लोटले. फिनिशमध्ये प्रबंध लिहिणाऱ्या हातांनी ही सही करावी याचे मला मनापासून दुःख होते, आणि त्या लोकांचा क्षोभ मला अन्यायाचा वाटत नाही. पण त्या क्षोभापायी एका पिढीच्या विद्यार्थ्यांना या गुरूचे मार्गदर्शन लाभले नाही, ही हानीही तितकीच खरी आहे. नोकरी सांभाळून उरलेल्या वेळात ते फिलिपीन्स, सयाम आणि इतर उष्ण प्रदेशांतून येणारे नमुने तपासत राहिले.

देश स्वतंत्र झाल्यावर ती नोकरी संपली. तुर्कू येथे नव्याने स्थापन झालेल्या फिनिश विद्यापीठाने त्यांचा सुमारे ३५,००० नमुन्यांचा संग्रह विकत घेतला आणि त्यांनाच त्याच्या देखरेखीवर नेमले. १९२९ साली ते तेथेच वारले. फिनलंडच्या शैवाकांवरील त्यांच्या ग्रंथाचा चौथा खंड १९३४ साली निघाला. ब्राझीलच्या ग्रंथात त्यांनी पाडलेला हायपोट्रॅकिना हा गट अमेरिकेच्या मेसन हेल यांनी १९७४ साली स्वतंत्र वंश म्हणून स्वीकारला, आणि निलगिरी पर्वतातील झाडांवर त्या वंशाच्या जाती सापडतात. तुर्कूचा संग्रह आजही वैनिओंच्या नावानेच वेगळा ठेवलेला असून, त्यांनी नाव दिलेल्या जातीविषयी शंका उद्भवली की अभ्यासक तेथील मूळ नमुना मागवून घेतात.