ऐकू न येणे आणि विसरणे

अमरावती-अकोल्याच्या पेढ्यांवर ज्येष्ठांच्या शब्दाला आजही मान आहे. परंतु तेच ज्येष्ठ बोलण्यातून माघार घेऊ लागले, एकच प्रश्न पुन्हा विचारू लागले, की ‘वय झाले’ म्हणून घरची मंडळी गप्प बसतात. कित्येकदा मूळ दोष कानांत असतो.

‘लॅन्सेट’ आयोगाच्या २०२४ च्या अहवालात स्मृतिभ्रंशाची १४ टाळता येण्याजोगी कारणे नोंदविली आहेत. त्यांत श्रवणदोष पूर्वीपासून होताच. उपचाराविना राहिलेल्या दृष्टिदोषाची भर याच अहवालात पडली. अस्पष्ट शब्दांचा अर्थ लावताना मेंदू शिणतो आणि स्मरणासाठी त्याचे बळ कमी उरते, असे संशोधक मानतात. शिवाय ऐकू न येणारा माणूस चारचौघांत जाणे टाळतो.

अमेरिकेत २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तीन वर्षांच्या चाचणीत श्रवणयंत्रांचा लाभ सर्वांत सरसकट दिसला नाही. मात्र अधिक धोका असलेल्या ज्येष्ठांत बौद्धिक ऱ्हासाचा वेग ४८ टक्क्यांनी कमी आढळला.

म्हणून दिवाळीला आपण हिशेब तपासतो, तसे साठीनंतर दरवर्षी कान-डोळे तपासून घ्यावेत. कधी केवळ साचलेला मळ किंवा मोतीबिंदूच कारण ठरतो. अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात वा अमरावतीच्या इर्विन रुग्णालयात चौकशी करावी. घरात ज्येष्ठांशी समोर बसून, सावकाश, न ओरडता बोलावे. आणि व्यवहाराचा निर्णय घेताना त्यांना पूर्वीप्रमाणेच विचारावे.