शेवटची सुई

लाखनी तालुक्यात जनावर दवाखान्यात नेण्यापेक्षा डॉक्टरला गोठ्यात आणण्याची रीत जुनी आहे. बसलेला बैल उचलून नेता येत नाही, अडलेली म्हैस गाडीत चढत नाही. मग पशुधन विकास अधिकारी किंवा पशुधन पर्यवेक्षकच मोटारसायकलला पेटी बांधून गावात येतात. अलीकडे १९६२ हा निःशुल्क क्रमांक आला. पथक जवळ असेल तर फिरता दवाखाना दारात उभा राहतो. मोठ्या शहरांत कुत्र्या-मांजरांसाठी डॉक्टर घरी येऊ लागले याचे कौतुक होते, पण धानपट्ट्यातल्या माणसाला त्यात नवल वाटू नये. अडचण पुढच्या टप्प्यावर आहे. डॉक्टर येतो तो जनावर वाचवायला. ते वाचणार नाही हे दिसल्यावर त्याने आणि घरच्यांनी काय करायचे, याची रीत आपल्याकडे अजून बसलेली नाही.

आमच्याकडे इंजेक्शनला सुई म्हणतात. आठ-दहा दिवस तडफडून जनावर गेले की शेजारी म्हणतात, ‘सुटलं बिचारं.’ मी गेली काही वर्षे या विषयावर पशुपालकांशी आणि पशुवैद्यकांशी बोलत आहे. ‘सुटलं’ हे क्रियापद मी शेकडो वेळा ऐकले. ‘सोडवू या’ म्हणणारा क्वचित भेटला. सुटणे आपोआप घडते, त्याचा कर्ता कोणी नसतो. सोडवण्याला कर्ता लागतो, आणि तो व्हायला कोणी तयार नसतो. माझ्या मते सारा प्रश्न या दोन क्रियापदांमधल्या अंतराचा आहे.

हे अंतर ओलांडण्याचा सर्वांत गाजलेला प्रसंग १९२८ सालचा, साबरमती आश्रमातला. एक वासरू असाध्य दुखण्याने तळमळत होते. त्याला कुशीवर वळवणेही त्रासाचे झाले होते. गांधीजींनी आश्रमातल्या सहकाऱ्यांशी चर्चा केली आणि स्वतः समोर उभे राहून डॉक्टरकडून वासराला विषाचे इंजेक्शन देवविले. त्यावर त्यांनी ‘नवजीवन’ आणि ‘यंग इंडिया’मध्ये लेख लिहिले, आणि देशभरातून संतापाची पत्रे आली. त्यांचा मुद्दा साधा होता: स्वार्थासाठी किंवा रागाने प्राण घेणे ही हिंसा; ज्याचे दुःख दूर करण्याचा दुसरा उपायच उरला नाही, त्याला त्यातून सोडवणे हिंसेत बसत नाही. गाईबद्दल एवढी श्रद्धा असलेल्या माणसाने हे केले, म्हणूनच त्याचे वजन आहे.

कायदाही या बाबतीत मुका नाही. प्राणिक्लेश प्रतिबंधक अधिनियम १९६० सालचा. त्याच्या कलम १३ मध्ये, ज्याला जिवंत ठेवणेच क्रूरपणाचे ठरेल अशा प्राण्याचा अंत करण्याची तरतूद आहे. भटक्या कुत्र्यांसाठीच्या २०२३च्या नियमांतही असाध्य आजारी किंवा प्राणांतिक जखमी कुत्र्याला पात्र पशुवैद्यकाने वेदनारहित मरण द्यावे असे म्हटले आहे. घरच्या कुत्र्या-मांजराबाबत व्यवहारात दोन गोष्टी पाहिल्या जातात: नोंदणीकृत पशुवैद्यकाचे मत आणि मालकाची संमती. ही संमती लेखी असावी. गोवंशाचा प्रश्न अधिक नाजूक आहे. १९७६च्या महाराष्ट्र प्राणी रक्षण अधिनियमातली दुरुस्ती मार्च २०१५ मध्ये लागू झाली आणि बैल व वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. म्हाताऱ्या बैलाचे शेवटचे दिवस आता मालकाच्या गोठ्यात नाहीतर गोशाळेत जायचे. म्हणजे शुश्रूषेची गरज वाढली. ती शिकवण्याची सोय मात्र त्या प्रमाणात वाढली नाही.

शुश्रूषा म्हणजे काय, हे गोठ्यातल्या जाणत्या माणसाला सांगावे लागत नाही. बसलेल्या जनावराखाली तणसाचा जाड थर द्यायचा, दिवसातून चार-सहा वेळा कूस बदलायची, ओले झालेले तणस काढायचे, तोंडाजवळ पाणी ठेवायचे, जखमेवर माशी बसू द्यायची नाही. घरातल्या म्हाताऱ्या कुत्र्यालाही हेच लागते. भर दोनच ठिकाणी घालावी लागते. पहिली, माणसाच्या गोळ्या देऊ नयेत: पॅरासिटामॉल मांजराला मारते, आयब्युप्रोफेन कुत्र्याची मूत्रपिंडे आणि पोट बिघडवते. दुसरी, अचानक वागणे बदललेल्या, लाळ गाळणाऱ्या, गिळता न येणाऱ्या प्राण्याच्या तोंडात ‘काही अडकले असेल’ म्हणून हात घालू नये. तो रेबीज असू शकतो, आणि लक्षणे दिसल्यावर त्याला उपचार नाही.

वेळ आली हे ओळखायचे कसे? अमेरिकेतील पशुवैद्यक अ‍ॅलिस व्हिलालोबोस यांनी २००४ मध्ये त्यासाठी सात प्रश्नांची मोजपट्टी मांडली: वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का. प्रत्येकाला शून्य ते दहा गुण द्यायचे. बेरीज पस्तिसाच्या वर असेल तर शुश्रूषा चालू ठेवण्यात अर्थ आहे. आकडा म्हणजे काही निकाल नव्हे. पण भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज ‘चांगला’ किंवा ‘वाईट’ अशी खूण केली, तरी घरातल्या चार माणसांचे मत जुळायला मदत होते.

प्रत्यक्ष क्रिया घरी, ओळखीच्या जागेवर होऊ शकते. आधी गुंगीची सुई. प्राणी गाढ झोपला की पुढच्या पायाच्या शिरेत भूल देणाऱ्या औषधाची जास्त मात्रा. आधी भान जाते, मग श्वास थांबतो, मग हृदय. डॉक्टर स्टेथोस्कोपने खात्री करतो. डोळे उघडेच राहतात, एखादा स्नायू फडफडतो, लघवी होते. यात वेदना नसते, हे घरच्यांना आधीच सांगितलेले बरे. जागेपणी नुसते मॅग्नेशियम सल्फेट टोचणे मात्र क्रूरपणा आहे. लाखनीहून नागपूरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय सुमारे ऐंशी किलोमीटरवर. मोडलेल्या कण्याचा कुत्रा महामार्गावरून तिथवर नेण्यापेक्षा तालुक्यातच हे ज्ञान आणि औषध असणे अधिक माणुसकीचे.

शेवटच्या सुईचा हिशेब प्राण्याच्या देहाबरोबर संपत नाही, हे आपल्याला गिधाडांनी शिकवले. मरणपंथाला लागलेल्या गुरांना वेदना कमी व्हाव्यात म्हणून डायक्लोफेनॅक दिले जाई. ती दया होती. पण ते जनावर मेल्यावर त्याचे मांस खाणाऱ्या गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होत. हे कारण २००४ मध्ये सिद्ध झाले. शंभरात एकाहून कमी मृत गुरांत घातक प्रमाण असले, तरी गिधाडे संपायला ते पुरेसे होते. १९९२ ते २००७ या काळात भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडे ९९.९ टक्के घटली. गुरांसाठी हे औषध २००६ मध्ये बंद झाले; २०२३ मध्ये केटोप्रोफेन आणि असिक्लोफेनॅकवरही बंदी आली. मेलोक्सिकॅम गिधाडांना सुरक्षित आहे. भूल देणारी औषधेही मृत देहात टिकतात. म्हणून सुई देऊन सोडवलेला प्राणी माळावर टाकायचा नाही. विहीर-नाल्यापासून दूर पुरुषभर खोल खड्ड्यात पुरायचा.

पोळ्याला बैलाचे खांदे शेकणारा, त्याच्यापुढे पुरणपोळी ठेवणारा हा मुलूख आहे. जनावराच्या श्रमाचे ऋण मानण्याचा विधी आपण पिढ्यान्‌पिढ्या जपला. त्याच्या मरणाची तयारीही त्याच ऋणात मोडते: डॉक्टरशी वेळेवर बोलणे, घरच्यांचे एकमत, योग्य औषध आणि खड्ड्याची जागा. एवढी तयारी असलेल्या घरात ‘सोडवू या’ हे शब्द कोणीतरी उच्चारू शकेल, आणि ते उच्चारणाऱ्याला नंतर तोंड लपवावे लागणार नाही.